आडव्या उजेडातली काच

"अहो भिंगकाका, बाजूला व्हा! पृथ्वी बघू द्या की आम्हाला!"

कँटीनमधल्या टीव्हीला नाक लावून उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकूच गेलं नाही. पडद्यावर अजून नुसता काळोख होता. अंतराळयानाच्या खिडकीतून पृथ्वी दाखवणार म्हणून सगळा कारखाना जेवण सोडून जमला होता, कारण त्या खिडकीची काच याच कारखान्यात घासली गेली होती. घासली होती भिंगकाकांनी.

एकोणतीस वर्षं काच घासणारा हा माणूस. घरी पाण्याचा पेलासुद्धा उजेडात तिरका धरून बघायचा आणि नाराज व्हायचा. "बाबा, प्या आता, तहान लागलीय ना?" मुलगी वैतागायची. कारखान्यात यंत्रं आली, तरी शेवटचा हात यांचाच. तपासणी संपली की मऊ फडक्यानं एकदा पुसायचं आणि पेटी बंद.

घोळ झाला तो त्या शेवटच्या पुसण्यात. काच घासायच्या खोलीत अंगठी चालत नाही, ओरखडा पडतो. यांची अंगठी बायकोनं घातलेली. बायको वारली, पुढे बोटाचं पेर सुजलं आणि अंगठी निघेना. कापून काढायला मन धजलं नाही. मग रोज सकाळी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळायची, वर हातमोजा चढवायचा आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. चार वर्षं निभावलं. त्या दिवशी पेटी रवाना झाली आणि पाहतात तर हातमोजा फाटलेला, चिकटपट्टी सुटलेली, अंगठीची कड उघडी.

रात्र कशीबशी काढून ते साहेबांसमोर उभे राहिले.

"काचेला लागली का?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग सांगायला कशाला आलात?"

"माहीत नाही म्हणूनच आलो."

पेटी परत मागवली गेली. दोन नव्या तपासनिसांनी काच बघितली, सही केली, काच गेली. भिंगकाकांची बदली त्याआधीच पॅकिंगला झाली होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना ते खोक्यांवर लेबलं चिकटवू लागले. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण तपासनिसांनी दिवा वरून धरला होता, हे त्यांनी दारातून पाहिलं होतं. वरच्या उजेडात ओरखडा दिसत नाही. खोलीत अंधार करून दिवा अगदी आडवा धरावा लागतो, तेव्हा कुठे केसाएवढी रेघ चमकते.

"दिवा खाली घ्या, खाली!" ते दारातून ओरडले होते.

"काका, तुम्ही आता पॅकिंगला ना?"

तेव्हापासून वर्षभर झोपेचं खोबरं झालं होतं. केसाएवढी रेघ, बाहेर पोकळी आणि आत चार जिवंत माणसं.

"सूर्य उगवतोय," टीव्हीवर यानातल्या बाई म्हणाल्या. काळोखाच्या कडेवरून ऊन आडवं काचेवर आलं. मागे कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं, कुणी टाळ्या वाजवल्या. भिंगकाकांची नजर खालच्या कोपऱ्यात होती. तिथे काहीतरी पांढरट चमकलं.

"थांबा! थांबवा ते!"

"काका, ते तिकडे वर आहेत, इथून काय थांबवताय?" सगळे हसले.

पडद्यावर एक हात आला, फडक्यानं कोपरा पुसला. "माफ करा, बघता बघता माझं नाक टेकलं होतं," बाई हसत म्हणाल्या. डाग गेला. ऊन काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकलं. रेघ नव्हती. भिंगकाकांनी पुन्हा पाहिलं, मग पुन्हा. कुठेच नव्हती. मग ते बाकावर बसले.

साहेब जवळ आले. "काय, पटलं आता?"

"आज दिवा बरोबर धरला," भिंगकाका म्हणाले, आणि त्यांना रडूच फुटलं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, बघितलीत? कशी दिसली हो?"

"स्वच्छ. एक रेघ नाही."

"काच नाही हो, पृथ्वी!"

त्यांनी मान वळवली. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.

"ती राहिलीच गं बघायची."

मग मुलगीच सांगू लागली. निळा रंग कुठून सुरू झाला, ढग कसे सरकत होते, आईला किती आवडलं असतं. भिंगकाका हूं हूं करत ऐकत राहिले. घसा कोरडा पडला होता. समोरचा पेला त्यांनी उचलला आणि उजेडात न धरताच तोंडाला लावला.