लीद उचलायची नाही

तबेल्यात सगळे त्याला चकाचकराव म्हणायचे. घोड्याने लीद टाकायचा अवकाश, याचं फावडं हजर! त्यात आईवेगळं शिंगरू त्याच्या पदरात पडलं आणि त्याने कहरच केला. फरशी धू, बादली उकळ, दुधाची बाटली पुन्हा पुन्हा घास. मेलेली घोडी त्याची फार लाडकी होती. तिचं पोर काही झालं तरी जगवायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

पण शिंगरू काही अंग धरेना. दूध पाजलं की जुलाब. औषधं झाली, दूध बदलून झालं. फासळ्या दिसायला लागल्या तसं चकाचकरावाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यातून पोराला एक घाणेरडी खोड. सोबतीला ठेवलेल्या म्हाताऱ्या घोडीने लीद टाकली की ते तोंड घालायला धावायचं. चकाचकराव त्याच्या आधी पोचायचा. "अरे शहाण्या, हे काय खायचं असतं?" असं खेकसून, जमिनीवर पाय आपटून तो सगळं साफ करायचा.

एकदा त्याची नजर शेजारच्या कप्प्यात गेली. तिथलं गुटगुटीत शिंगरू चक्क आईची लीद चघळत होतं आणि आई खुशाल उभी होती. त्याला आधी मळमळलं, मग नवल वाटलं. हे खाऊन हा गडी ठणठणीत कसा? जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्यावर त्याने चाचरत विचारलं, "बाई, हसणार नसाल तर एक विचारू?"

बाई हसल्या नाहीत. "गवत पचवणारे जंतू शिंगराच्या पोटात आधीपासून नसतात हो. आईच्या लिदीतून मिळतात. माणसाचं बाळसुद्धा आईकडून चांगले जंतू घेतंच की, जन्मताना, अंगावर पिताना. पण या म्हातारीकडून याला मिळाले कसे नाहीत?"

"मिळत होते," तो फावड्याकडे बघत म्हणाला. "मीच उचलत होतो."

"म्हातारीला जंतांचं औषध दिलंय ना? मग खाऊ दे त्याला."

फावडं बाहेर ठेवून तो वाट बघत बसला. अखेर म्हातारीने लीद टाकली. शिंगरू धडपडत उठलं, दोन पावलं गेलं, आणि चकाचकरावाकडे बघून अंग चोरत मागे सरलं.

तो उठला, ती ऊन लीद उघड्या ओंजळीत घेतली आणि शिंगरापुढे मांडी घालून बसला. "खा रे राजा. आता नाही ओरडणार."

शिंगराने बराच वेळ त्याचे हात हुंगले. मग खायला सुरुवात केली.