वीस मीटरचं पाणी

सहा महिन्यांची रजा संपली. कामावर निघायच्या सकाळी तिनं पिटुकलीसाठी काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटलीवर सवयीनं चिकटपट्टी लावली आणि लिहिलं: तारीख, वेळ, शून्य मीटर. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारून ते वाचलं आणि हा वरवरचा नमुना दिसतोय, खालचा कधी मिळणार, असं अगदी गंभीरपणे विचारलं. मग हसू दाबत म्हणाल्या, की तळ्यातल्या जंतूंचे एवढे लाड करतेस आणि घरातली बाटली मात्र वीस-वीस मिनिटं उकळतेस, त्यांच्या कानावर गेलं तर रुसतील ते. तीही हसली. पण दारातून बाहेर पडताना पोरीनं तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, ते सोडवायला तिला फार वेळ लागला.

गावामागच्या तळ्यात डोळ्यांना न दिसणारं जे काही जगतं, त्याचा हिशेब ठेवणं हे तिचं काम. कोण कुठे राहतं, काय खातं, कोणाच्या उष्ट्यावर कोण जगतं. अकरा वर्षं, दर मंगळवारी, तळ्याच्या मधोमध एकाच जागी जाऊन दोन बाटल्या पाणी घ्यायचं. एक अगदी वरचं. दुसरं वीस मीटर खालचं, जिथं उजेड नाही, हवा नाही आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. काठावरच्या खोलीत ते पाणी पातळ चकतीतून गाळायचं आणि चकती गोठवून ठेवायची. पुढे त्या चकतीवरून पाण्यात कोण कोण होतं ते वाचता येतं. अकरा वर्षांत एकही मंगळवार चुकला नव्हता. लग्नाची तारीख काढताना तिनं घरच्यांना सांगून टाकलं होतं, की मुहूर्त कुठलाही चालेल, वार तेवढा मंगळ नको.

रजेत हे सगळं मामांनी सांभाळलं. मामा म्हणजे तिच्या संशोधन संस्थेचे नावाडी. पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर होते, गाळायचं कामही तिचं बघून बघून शिकले होते. पोट घेऊन नावेत चढणं अशक्य झालं, तेव्हा तिनं त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "मामा, बाकी काहीही होऊ दे, मंगळवार चुकवू नका." आणि मामांनी चुकवला नव्हता. वहीत सव्वीसच्या सव्वीस नोंदी, दोन-दोन बाटल्यांच्या, त्यांच्या गोल गोल अक्षरात.

तिच्या विभागाच्या प्रमुख, मॅडम, तिची वाटच बघत होत्या. एरवी कामाशिवाय अवाक्षर न काढणारी बाई, पण त्या दिवशी खुर्ची स्वतः ओढून दिली. रजेतल्या नमुन्यांचे निकाल पडद्यावर होते. पहिले नऊ मंगळवार नेहमीसारखे. दहाव्यापासून मात्र वीस मीटरवर, मिट्ट काळोखात, उजेडावर जगणारे जीवाणू भरपूर संख्येनं दिसत होते. सूर्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही ते तळाशी संसार थाटून बसलेले, आणि तळाचे मूळ रहिवासी, ते वासाचे मानकरी, जवळजवळ बेपत्ता. असं कोणी कुठे पाहिलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, की महिनाभरात लेख लिहून टाकू. तिच्या नेमणुकीची मुदत दोन महिन्यांनी संपत होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. हा लेख निघाला तर पुढची तीन वर्षं कोणी तुला हात लावणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

तिच्या मनात शंकेचा एक खडा होता. तापमान आणि खोली दाखवणारं यंत्र तेव्हा दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे ताडून बघायला काही नव्हतं. पण तीन वर्षं म्हणजे पिटुकली चालायला, बोलायला लागेपर्यंतची निश्चिंती. तिनं तो खडा तसाच गिळला.

मंगळवारी ती तळ्यावर गेली तेव्हा मामा नाव सोडून तयार होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला, बाळाची चौकशी झाली, कुणावर गेलीय ते विचारून झालं. मग ते जरा चाचरत म्हणाले, की ताई, तुम्ही आज नुसतं बसा, बाळंतिणीनं जड उचलू नये. तिनं ऐकलं नाही. सहा महिने या दोरीची स्वप्नं पडलीत मला, म्हणाली, आणि बाटली पाण्यात सोडली.

ही दोरी तिनंच रजेआधी नवी कोरी आणून दिली होती, मीटरामीटराला गाठ मारून. एक, दोन, तीन. दोरी तिच्या बोटांतून बुळबुळीत, हिरवट सरकत होती. पाण्यात वारंवार जाणाऱ्या कशावरही असा थर धरतो. शेवाळाचे आणि जीवाणूंचे थरच थर, तिच्या ओळखीचे, त्यांच्यावर तिनं कधीकाळी शंभर पानं लिहिली होती. सहा, सात, आठ.

आठव्या गाठीनंतर दोरी कोरडी झाली. करकरीत. बोटांना पापुद्रे लागले, जुन्या, वाळून गेलेल्या थराचे. म्हणजे ही दोरी कधीतरी खाली गेली होती, काही आठवडे गेली होती. मग कितीतरी महिने गेलीच नव्हती.

तरी तिचे हात थांबले नाहीत. विसाव्या गाठीला तिनं पितळी वजन दोरीवरून सोडलं, खाली झाकणं मिटल्याचा हलका धक्का हाताला लागला, आणि ती ओढायला लागली. बाटली आणि तिच्या बुडाचं शिसं, दोन्ही मिळून खांद्यातून कळ काढत वर आली. तोटी उघडली तसा सडक्या अंड्याचा भपकारा सुटला. तळाच्या मंडळींनी कुठेही स्थलांतर केलं नव्हतं.

मामा इंजिनाशेजारी खाली मान घालून बसले होते. तिनं फक्त विचारलं, की केव्हापासून.

"दहाव्या मंगळवारपासून," ते म्हणाले. "उजवा खांदाच धरला, ताई. शर्ट चढवायला बायको लागायची. आठव्या गाठीपर्यंत हात साथ द्यायचा, पुढे नाही."

"मग मला एक फोन करायचा होता ना, मामा."

"केला असता, तर तुम्ही महिन्याभराचं लेकरू टाकून आला असता." त्यांनी मान वर केली. "आला नसता का, सांगा?"

आली असती. त्याचाच तिला जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मामा सांगत राहिले. तुम्ही म्हणालात चुकवू नका, म्हणून नाही चुकवला. एकदा वादळात नाव अर्ध्यातून फिरवली आणि संध्याकाळी पुन्हा काढली. वहीत वीस लिहिणं खोटं आहे हे कळत होतं, पण रकाना मोकळा सोडायचं धाडस होईना. आणि खांदा गेलेला नावाडी ठेवतो कोण, हेही मनात होतंच, ते कशाला लपवू.

नाव काठाकडे वळली. ती हिशेब मांडत बसली. गप्प राहिलं तर लेख निघेल, नेमणूक टिकेल, मामांवरही ठपका येणार नाही. आणि कुठल्यातरी दूरच्या तळ्यावर तिच्यासारखीच एखादी, अंधारातले हे उजेडाचे जीवाणू शोधत वर्षं घालवेल, आणि ते सापडत नाहीत म्हणून स्वतःच्या हातांना दोष देत राहील. काठ लागला तोवर छातीत दूध दाटून आलं होतं. मामांनी काही न विचारता गाळायच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः दाराकडे पाठ करून लांब जाऊन बसले.

दुपारी ती मॅडमपुढे उभी राहिली. एका दमात सगळं सांगितलं, दोरीपासून खांद्यापर्यंत. मॅडमनी पडद्यावरचे निकाल बंद केले. पेन्सिलीचं टोक टेबलावर टेकवून टेकवून त्यांनी मोडलं.

"चूक कुणाची धरायची?" त्यांनी विचारलं.

"माझी. मी त्यांना मंगळवार चुकवू नका एवढंच सांगितलं. पाणी नाही मिळालं तर तसं लिहा, हे सांगितलंच नाही. अकरा वर्षांत रकाना कधी मोकळा सोडलेला त्यांनी पाहिलाच नव्हता, मॅडम. मीही नव्हता पाहिला."

मॅडमनी नेमणुकीचं काही सांगता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. लेख गेला, वरच्यांना दाखवायला आता हातात काही नाही. प्रयत्न करीन, पण वचन देत नाही. मग वही पुढे सरकवली. सतरा मंगळवारांच्या वीस मीटरवर रेघ मार म्हणाल्या, आणि खाली आठ लिही. तिनं तिथंच बसून मारल्या. सतरा रेघा. प्रत्येक रेघेला जीव तुटत होता, आणि सातव्या-आठव्या रेघेनंतर श्वास मात्र मोकळा होत गेला.

शेवटी कारणाचा रकाना उरला. यंत्रातला बिघाड, वादळ, असं काहीबाही लिहायचा रकाना तो.

"इथे काय लिहू?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "खांदा," त्या म्हणाल्या. "खरं आहे ना? मग तेच लिही. आणि नावेला दोरी ओढून गुंडाळायची चरखी बसवून मागणारा अर्ज आजच्या आज टाईप करून आण. मामांची सही आधी घे. मागणी त्यांची आहे."

अर्ज घेऊन ती काठावर आली तेव्हा मामा दोरी उन्हात पसरत होते, डाव्या हातानं. त्यांनी कागद दोनदा वाचला. कुठे करायची म्हणून विचारलं, तिनं जागा दाखवली. पेन उजव्या हातात धरून, कोपर मांडीवर टेकवून, त्यांनी सावकाश, गोल गोल अक्षरात सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद तिला परत दिला नाही.