तेरेसाकुट्टीची कंबर आणि अम्माचे दहा आकडे

तेरेसाकुट्टी सिस्टरची कंबर धरली ती गेल्या ओणमला, तीही अख्ख्या हॉस्पिटलच्या देखत. समईभोवती बायकांच्या तिरुवातिरा नाचाचा फेर रंगला होता. टाळी देत सगळ्याजणी खाली वाकल्या, सगळ्या वर आल्या, ही आपली खालीच! तिच्याच वॉर्डातल्या पोरींनी तिला स्ट्रेचरवर घालून नेलं. सणाची खीर, ते पायसम, तेवढं बाईनं आडव्या आडव्या संपवलं.

बावीस वर्षं पेशंट उचलायचे म्हणजे दुसरं काय होणार? दुखलं की सगळ्या सिस्टर औषधाच्या खोलीत एकमेकींना दुखणं मारायची सुई टोचायच्या, की पळाल्या परत.

यंदा मेट्रन मदर रोझलिननं दोन महिने आधीच सुनावलं, "ओणमला फेर शेवटपर्यंत धरलास तर वॉर्ड तुझा. नाहीतर केसपेपरच्या खिडकीत खुर्चीवर बस."

वॉर्ड सोडायचा? त्यापेक्षा जीव घ्या म्हणावं.

फिजिओवाल्या ज्युलीटनं व्यायाम शिकवला. उताणं पडायचं, गुडघे वर, पोट आत, कंबर उचलून दहा आकडे. मग रांगत्या पोरासारखं होऊन उजवा हात नि डावा पाय लांब करायचा. रोज. ज्युलीटनं विचारलं की ही म्हणायची, "केला, केला." कसला करतेय!

सात नंबरच्या खाटेवर गौरीअम्मा. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, पण म्हातारी उठेल तर शपथ.

"उठा अम्मा, चार पावलं टाका."

"टाकली की सकाळी."

"खोटं बोलू नका. चपलांवर धूळ आहे तुमच्या."

"आणि तुझ्या व्यायामाच्या चटईवर गं? आठ दिवस कपाटामागे उभी आहे. मी पडल्यापडल्या दुसरं काय बघते?"

वॉर्डभर खसखस पिकली. तेरेसाकुट्टीचं तोंड एवढंसं झालं.

"चल पोरी," म्हातारी म्हणाली, "तू दहा कर, मी दहा पावलं टाकते. आहे कबूल?"

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी लागायच्या आधी ही खाटेजवळ आडवी.

"पाच, सहा... श्वास कोंडलास! पहिल्यापासून!"

"अम्मा, तुम्ही पेशंट आहात का हवालदार?"

"इंजेक्शन देताना तू मला सोडतेस काय?"

पंधरा दिवसांत आणखी तीन चटया आल्या. अख्खा वॉर्ड आकडे मोजायला लागला. तेरेसाकुट्टी पेशंट वळवायच्या आधी हँडल फिरवून खाट कमरेइतकी वर घ्यायला शिकली, पोट आत ओढायला शिकली, आणि सगळ्यात अवघड म्हणजे, "ये गं जरा, हात लाव," म्हणायला शिकली.

ओणम आला. सोनेरी काठाची पांढरी साडी, केसांत मोगरा. बरी होऊन केव्हाच घरी गेलेली गौरीअम्मा वॉकर आपटत हजर. फेर सुरू झाला. खाली वाकायची वेळ आली, तेरेसाकुट्टीनं डोळेच मिटले.

"श्वास सोड गं!" म्हातारी कडाडली.

सोडला. खाली गेली आणि वर आली! परत खाली, परत वर. शेवटच्या टाळीपर्यंत. पोरींनी शिट्ट्या मारल्या.

"बरं बाई, वॉर्ड तुझा," म्हणत मदर खुर्चीतून उठायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. "येशू! माझी कंबर!"

तेरेसाकुट्टीनं त्यांना हात दिला. गौरीअम्मानं वॉकर पुढे सरकवला.

"मदर, उद्या सकाळी सातला. चटई आणा. मोजायला मी येते."