टॅबचं बटण

डिचोली बाजारात औषधांच्या दुकानाच्या माडीवर गोकुळदासांचं ऑफिस होतं. हरमल-मांद्र्याच्या गेस्ट हाउसांत उतरून गेलेल्या पाहुण्यांची नावं, देश, फोन नंबर तिथे एक्सेलमध्ये भरले जात. भरणाऱ्या दोघीच: मुळगावची विनोदिनी, पन्नाशीला टेकलेली, आणि नुकतंच कॉलेज संपवलेली तनया.

विनोदिनी नाव टाइप करायची, मग कीबोर्ड सोडून माऊस धरायची, बाण शेजारच्या चौकटीवर नेऊन क्लिक करायची आणि पुन्हा कीबोर्डाकडे वळायची. संध्याकाळी मनगट सुजायचं. तनयाचा हात माऊसला लागतच नसे.

"बाय, तू पुढच्या कॉलमात जातंस कशी?" एकदा जेवताना विनोदिनीने विचारलं. "माका शिकय गो."

तनया विनोदिनीच्याच डब्यातला उंडा पाव मोडत होती. "काकी, तुमचं आहे तेच बरं. उगाच घोळ व्हायचा."

दोघींतली एकच राहणार, हे गोकुळदासांनी तनयाच्या कानावर घातलं होतं. विनोदिनीला त्याचा पत्ता नव्हता.

शनिवारी गोकुळदास तिच्या मागे येऊन उभे राहिले. जरा वेळ बघितलं आणि माऊसची वायर उपटली.

"आता भरा."

"गोकुळदासबाब, माऊस नसताना..."

"भरा म्हटलं ना."

नाव टाइप करून तिने एंटर दाबलं. चौकट खाली सरकली आणि 'रशिया' माणसांच्या नावांत जाऊन बसला. कामासाठी आलेले दोघे गेस्ट हाउसवाले हसले.

"तनया, सांग गो," विनोदिनी म्हणाली.

तनयाची बोटं चालूच राहिली.

गोकुळदासांनी वाकून दाखवलं. "हे टॅब. दाबलं की उजवीकडचा कॉलम. ओळ संपली की एंटर, मग खालच्या ओळीत पुन्हा पहिल्या कॉलमात. एवढंच."

विनोदिनीने एक ओळ भरली. दुसरी भरली. तिसरीला तिने बटणांकडे पाहिलंही नाही. तिचा चेहरा फुलला. "जमता मरे माका!"

"जमलं ना? छान. सोमवारपासून येऊ नका."

तिचं बोट अजून टॅबवरच होतं. "पण आता येता माका..."

"तनयाला आधीपासून येतं." त्यांनी विनोदिनीपुढचा कागदांचा गठ्ठा उचलून तनयाच्या टेबलावर आदळला. "दोघींचं तूच कर."

"एकटीने?"

"तुला माऊस लागत नाही ना?"

विनोदिनीने पिशवी उचलली. जिना उतरेपर्यंत तिने डोळ्यांतलं पाणी अडवलं.

घरी नवऱ्याला, शांतारामला, तिने सांगितलं, हात दुखतो म्हणून काम आपणच सोडलं.

"बरा केलंस," टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला. "नायतरी तुका ता खंय जमत होता?"