माझ्या पोटातली अक्षता

मित्रांनो, दचकू नका आणि पळूही नका! मी एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे हे खरं, पण माझं पोट या क्षणी रिकामं आहे, कपाटाला भलंथोरलं कुलूप आहे आणि तुमच्याशी चार गप्पा माराव्यात यापलीकडे माझ्या मनात काही नाही. माझ्या जातीचं नाव फारसं चांगलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण बाबांनो, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझ्या मुठीवर कुणी पोळ्या लाटल्या होत्या आणि माझ्या पोटातून एकदा काय निघालं, हे ऐकलंत तर हसून हसून तुमची मुरकुंडी वळेल.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. अंगावर निळसर काळी झाक, सहा घरांचं गोल चक्र, लाकडी मूठ. दिसायला मी देखणा होतो, उगाच विनय कशाला करू? तिथल्या पोलिसांच्या कमरेला मी कितीतरी वर्षं लटकलो. पावसात भिजलो, परेडला मिरवलो, सरावाच्या मैदानावर कागदाच्या चकत्यांना भोकं पाडली. माणसावर मात्र एकदाही चाललो नाही, आणि या गोष्टीचा मला आजही आनंद वाटतो.

पुढे पोलिसांना नवी पिस्तुलं मिळाली आणि आमची गच्छंती झाली. मला एका बँकेच्या रखवालदाराकडे दिलं. त्याने मला चामड्याच्या कव्हरात घातलं, कव्हर खुंटीला टांगलं आणि साफ विसरून गेला. चामडं ओल धरून ठेवतं, मित्रांनो. माझी एक कूस गंजाने खाल्ली, मूठ तडकली, चक्र फिरेनासं झालं. शेवटी मला माझ्यासारख्याच म्हाताऱ्यांबरोबर पेटीत भरलं आणि भंगाराच्या भावात विकून टाकलं.

पेटी उघडली तेव्हा डोळे दिपले. चहूकडे वाळू आणि वर लखलखीत ऊन! शारजाच्या पलीकडे, वाळवंटातल्या एका नेमबाजीच्या क्लबने परवाने काढून आम्हाला विकत घेतलं होतं. नवशिक्यांच्या सरावासाठी स्वस्तातली हत्यारं हवी होती त्यांना. पेटीपुढे दोन माणसं उभी होती. एक क्लबचे मॅनेजर खैरुद्दीन, हैदराबादचे, आवाज असा की भिंतीपलीकडचाही सावध व्हावा. दुसरा जगन्नाथ, क्लबचा हत्यारं दुरुस्त करणारा मिस्त्री. हा मूळचा खडकीचा. आधी फौजेत हेच काम करायचा, आता बायको आणि मुलीसह दुबईत करामाला राहायचा.

खैरुद्दीननी मला दोन बोटांत धरलं, मेलेल्या पालीला धरावं तसं.

"जगन्नाथभाई, इसका तो खलास हो गया. बाकी ठीक हैं, इसको कटिंग मशीन में डालो."

कटिंग मशीन! माझ्या अंगावर काटा आला. निकामी हत्यारांचे तुकडे करायचं ते यंत्र वर्कशॉपच्या कोपऱ्यातच होतं.

जगन्नाथने मला हातात घेतलं, उजेडाकडे धरून नळीतून आरपार पाहिलं आणि तो हसला. "सर, नळी आतून एकदम साफ आहे. गंज वरवरचा है. मेरे को थोडा टाइम दो."

"दशहरे के दूसरे दिन लेडीज डे है," खैरुद्दीन म्हणाले. "अरबाब खुद आएँगे. उस दिन इसको चलाएँगे. एक बार भी अटका, तो सीधा मशीन में. मंजूर?"

"मंजूर. इन्शाल्ला नहीं अटकेगा."

अरबाब म्हणजे क्लबचे मालक. त्यांच्यासमोर अटकलो की माझा निकाल लागणार, हे त्या दिवशीच ठरलं. आणि माझ्याबरोबर जगन्नाथच्या शब्दाचाही.

मग सुरू झाले माझे लाड. जगन्नाथने मला तेलात बुडवून ठेवलं. मऊ ब्रशने तो गंज असा हळूहळू काढायचा की मला गुदगुल्या व्हायच्या. काम करताना तो माझ्याशी बोलायचा. "चल रे म्हाताऱ्या, जरा फिर की! रुसतोस काय नव्या नवरीसारखा?" एके दुपारी माझं चक्र खट्खट् करत गरकन फिरलं, आणि हा गडी एकटाच वर्कशॉपमध्ये टाळ्या पिटायला लागला. अंगावर पुन्हा निळसर झाक चढली. राहिली होती फक्त मूठ. एका सकाळी त्याने घरून कागदात गुंडाळलेला एक जाड, गोल शिसवी तुकडा आणला आणि त्यातून माझ्यासाठी नवी मूठ कोरली. कुठला तुकडा, कसला तुकडा, मला काय माहीत? मी आपला खुशीत होतो.

त्या वर्षी, म्हणजे १९९८ साली, दसरा गुरुवारी आला. हत्यारं क्लबबाहेर नेता येत नाहीत, म्हणून जगन्नाथने खैरुद्दीनची परवानगी काढून पूजाच वर्कशॉपमध्ये मांडली. बायको लतिका पूजेचं ताट घेऊन आली, झेंडूचा हार आला, आपट्याची पानं कुणीतरी मुंबईहून विमानाने आणलेली. लेक पर्णिका कोपऱ्यात नाक मुरडून उभी.

"बाबा, हे ते पन्नास दिरहमवालं? इट लुक्स सो ओल्ड!"

"पन्नास दिरहम?" लतिकाने लगेच हिशोब केला. "म्हणजे आपले पावणेसहाशे रुपये? अहो, एवढ्यात धड कुकर येत नाही!"

तिने मला नीट पाहायला हातात घेतलं, आणि तिचा चेहराच बदलला. तिने माझ्या मुठीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"अहो... हा माझा पोळपाट आहे."

जगन्नाथ छताकडे बघायला लागला.

"मी अख्खं घर पालथं घातलं! शेजारच्या हव्वाबींना विचारलं, पर्णिकाला रागावले. आणि तुम्ही माझ्या पोळपाटाची बंदूक केलीत?"

"अगं, तडा गेला होता त्याला..."

"तडा गेला म्हणून काय झालं? माझ्या आईने दिलेला होता तो!"

पर्णिका तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईचा पोळपाट मी अंगावर वागवत होतो! मग लतिकाने मूठ पुन्हा धरली, आणि या वेळी तिचा हात नुसता धरणाऱ्याचा नव्हता. कॉलेजात असताना तिने एनसीसीच्या नेमबाजीत पदक मिळवलं होतं. हे मला नंतर कळलं, पण हात आम्हाला आधी कळतो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मूठ माझी, तर उद्या हे मीच चालवणार. माझं नाव घाला."

जगन्नाथने डोळे मोठे केले, मग हसत मान डोलावली. पूजेआधी मात्र त्याने दोघींना तंबी दिली. "हे बघा, फूल रुमालावर ठेवायचं. हत्यारावर हळद नाही, कुंकू नाही, अक्षता तर मुळीच नाहीत. आत काही गेलं तर सत्यानाश होईल." लतिकाने तरीही मुठीला कुंकवाचं बोट लावलंच. त्याने कुरकुरत ते लगेच पुसलं. आरती झाली, सोनं वाटलं. "धिस इज अ लीफ, आई. गोल्ड तर देराच्या बाजारात मिळतं," पर्णिका म्हणाली आणि तिला एक टपली मिळाली.

दोघी बाहेर गेल्या. वर्कशॉपमध्ये मी आणि जगन्नाथ दोघंच उरलो. आणि मग काय झालं सांगू? ज्याने जगाला ब्रह्मज्ञान शिकवलं, त्याच माणसाने माझं चक्र हळूच बाजूला उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, ताटातल्या चार अक्षता माझ्यावर टाकल्या, डोळे मिटून हात जोडले आणि पुटपुटला, "उद्या आपल्या दोघांची लाज राख रे, बाबा." मग त्याने अक्षता झटकल्या, चक्र मिटलं आणि मला कपाटात ठेवलं. खैरुद्दीननी किल्ली खिशात टाकली.

एक दाणा आतच राहिला होता. मी ओरडून सांगणार तरी कसं?

शुक्रवारी सकाळी मैदान फुललं होतं. रंगीत छत्र्या, गार सरबतं, करामाहून आलेल्या बायकांचा चिवचिवाट. पहिल्या रांगेत पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले अरबाब. लतिकाने पदर खोचला, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले आणि मला उचललं.

पहिल्या सहा गोळ्या, मित्रांनो, काय सांगू! पोळी तव्यावर पडावी तशी एकेक आपल्या जागी पडली. अरबाबांनी खुशीत मान डोलावली. पर्णिका उड्या मारत होती, "दॅट्स माय मॉम!" लतिकाने चक्र उघडलं, दट्ट्या दाबून रिकामी काडतुसं बाहेर पाडली. त्याच वेळी तो दाणा घरंगळून नेमका चक्रामागच्या चांदणीखाली जाऊन बसला. या चांदणीनेच रिकामी काडतुसं बाहेर ढकलली जातात, आणि तिच्याखाली केसाएवढं काही अडकलं तरी चक्र मिटत नाही. लतिकाने नव्या गोळ्या भरल्या, चक्र मिटायला गेली. मिटेना.

खैरुद्दीनची नजर वर्कशॉपच्या दिशेने गेली. संपलं, मी मनात म्हटलं. आता माझे तुकडे होणार, आणि जगन्नाथ खाली मान घालून ते बघणार.

दुसरं कुणी असतं तर मला आपटलं असतं, दणके दिले असते. लतिकाने तसं काही केलं नाही. माझं तोंड निशाणाकडेच ठेवून तिने शांतपणे दुसरा हात वर केला. जगन्नाथ धावत आला. त्याने गोळ्या काढल्या, चांदणी उचलली, ब्रशचं टोक फिरवलं. त्याच्या तळहातावर टपकन एक लालचुटुक दाणा पडला.

"ये क्या है? चावल?" खैरुद्दीननी डोळे फाडले. "जगन्नाथभाई, गन में बिर्याणी पकाया क्या?"

जगन्नाथने आधी सवयीने बायकोकडे डोळे वटारले. लतिकाने कमरेवर हात ठेवला. "माझ्याकडे काय बघता? माझं कुंकू तुम्ही तिथल्या तिथे पुसलंत. अक्षतांचं ताट शेवटी कुणाच्या हातात होतं?"

जगन्नाथचे कान त्या दाण्याइतके लाल झाले. तो अरबाबांसमोर सरळ उभा राहिला. "सर, गन की गलती नहीं. मैंने डाला. पूजा किया था, कि आज ये अटके नहीं."

मग खैरुद्दीननी अरबाबांना अरबीत सगळं समजावलं, हातवारे करून, चोरून पूजा करणाऱ्या जगन्नाथची नक्कलसुद्धा केली. अरबाब इतके हसले, इतके हसले, की डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला. "यल्ला," ते म्हणाले आणि लतिकाकडे हात केला. म्हणजे, होऊन जाऊ दे पुन्हा!

पुन्हा सहा गोळ्या भरल्या. चक्र मिटलं, खट्. सहाच्या सहा गोळ्या निशाणावर. मला बोलता येत असतं तर मी तिथेच "हर हर महादेव" ठोकलं असतं! खैरुद्दीननी दुपारी कटिंग मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाले, "इसको नए सीखनेवालों के लिए रखो. बहुत नसीबवाला है."

तेव्हापासून कितीतरी मुलंमुली मला हातात घेऊनच नेम धरायला शिकली. पर्णिकासुद्धा, मोठी झाल्यावर. दर दसऱ्याला पूजा व्हायची आणि तेवढ्यापुरते जगन्नाथने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, असा लतिकाने कायदाच केला होता.

२००३ साली तो कायमचा पुण्याला परत निघाला. शेवटच्या दिवशी त्याने मला नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं, तेल दिलं, मुठीवरून अंगठा फिरवला. मलाही भरून आलं. मग त्याने खिशातून लाल अक्षतेचा एक दाणा काढला आणि ठेवला. माझ्यात नाही हं, माझ्याशेजारी, रुमालावर.

मित्रांनो, माझ्यासारखं हत्यार कुठे दिसलं तर हात लावू नका, मोठ्या माणसांना हाक मारा. पण तुमची सायकल असो, आजोबांचं घड्याळ असो की आईचा तडा गेलेला पोळपाट, टाकून देण्याआधी एकदा उजेडाकडे धरून बघा. आणि दसऱ्याला फूल जरूर वाहा, पण दुसऱ्या दिवशी पुसायला या. आम्हाला पूजा वर्षातून एकदा पुरते. फडकं मात्र रोज लागतं.