वटपौर्णिमेची जिलेबी

रसायनीच्या त्या औषधांच्या कारखान्यात बायकांना कामावर घेताना एका कागदावर अंगठा घेत. लग्न झालं की नोकरी संपली, असं त्यावर लिहिलेलं असे. कुमारिका चालत, माझ्यासारख्या विधवा चालत. भागीदार कंपनी विलायतेची, कलमही तिकडूनच आलेलं.

चौक गावची जना माझ्या बाकावर बाटल्यांना लेबलं लावायची. माघात तिचं लग्न झालं. गेटाच्या अलीकडे ती मंगळसूत्र काढून भाकरीच्या फडक्यात बांधायची. मला ते बघवत नसे. चैत्रात तिचा नवरा गजा आंब्यावरून पडला तो अंथरुणालाच खिळला. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

ज्येष्ठात पाटी लागली. पौर्णिमेला दुपारी सगळ्या बायकांना कंपनीतर्फे जिलेबी, कॅन्टीनमध्येच बसून खायची.

"साहेबाला आमची माया कधीपासनं आली गं?" कोंडी हसली. तीही विधवा, तोंडाची फटकळ.

"माया नाय," युनियनचा कार्यकर्ता पोपट म्हणाला. "त्या दिशी वटपौर्णिमा हाय. जी खाणार नाय ती लगीन झालेली. नाव लिवून घेतील."

जनाचा चेहरा उतरला. "मग मी खाईन. गजा तिकडं पडून हाय, आन मी त्याच्या उपासाला जिलेबी खाईन. करू काय?"

"तू खायचं नाय. कुणीच खायचं नाय. जिथनं हे कलम आलं ना, त्या विलायतेत दोन वर्सांमागं कायदा झालाय. लगीन झालं म्हून बाईला काढता येत नाय. तिथल्या बाया भांडल्या तवा झालाय. आपल्या सुप्रीम कोर्टानंबी असलं कलम मोडलंय म्हणतात, पन कोर्टात जायचं म्हंजे वर्सं जातात. पौर्णिमेला सगळ्यांनी ताट बाजूला सारा. कुवारणींनी, विधवांनी, सगळ्यांनी. मग साहेब कुणाला वळखील?"

युक्ती पटली. जना माझ्याकडे वळली. "सोनुबाई, तुमी?"

तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, सोमवार-एकादशी मोडत नाही. म्हणून बाकीच्या विधवा माझ्याकडे बघून चालत.

"बघू गं," मी म्हटलं.

विधवेनं वटपौर्णिमा कशी धरायची? हे गेले त्या वर्षी सासूबाईंनी मला वडापासून हाताला धरून बाजूला केलं होतं. ज्याच्यासाठी मागायचं तोच नाही, आणि मी उपास धरायचा, म्हणजे देवाची थट्टाच की. दोन दिवस मी हेच मनात घोळवत राहिले. पण जनाला तसं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पौर्णिमेला ताटं मांडली. दारात साहेब, शेजारी कारकून कागद घेऊन. जनाने ताट सारलं. आणखी सहा जणींनी सारलं. बाकीच्या मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत बसल्या.

साहेब माझ्यापाशी आला. "काय सोनुबाई, उपास? कुणासाठी?"

कारकून खुदकन हसला. माझे कान तापले. मी जिलेबी उचलली आणि खाल्ली.

कोंडीने मला पाहिलं आणि तिनेही खाल्ली. मग बाकीच्या विधवांनी, मग घाबरलेल्या कुमारिकांनी. सात ताटं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सातही जणींना गेटावर अडवलं. त्यात ठाकरवाडीची धोंडी होती, सोळा-सतरा वर्षांची.

"माजं लगीन नाय झालं, साहेब!"

"मग खाल्लं का नाहीस?"

"जनानं नाय खाल्ली म्हून."

तिलाही काढलं.

जना माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "सोनुबाई, एक येळ उपाशी ऱ्हायला असता तर?"

"पाप लागलं असतं गं मला."

"आन आता नाय लागलं?"

आतली घंटा झाली, तशी मी कामावर गेले.

पोपटाने दावा लावला. नुसत्या तारखा पडत राहिल्या. जना चौकला दगडाच्या खाणीवर जाऊ लागली, गजाच्या औषधाला तिथली मजुरी पुरली नाही. दिवाळीच्या आधी गजा गेला.

मार्गशीर्षात कंपनीने जनाला परत घेतलं. आता ती कलमात बसत होती.

ती माझ्याच बाकावर असते. लेबलं लावते. माझ्याशी बोलत नाही.