एकोणिसाव्या पानावरचा चष्मा

धाकटा अकरा देशांत वाद्यवृंद चालवून आला होता, आणि एकाही देशाने त्याला ठेवून घेतलं नव्हतं. सगळीकडे पाहुणा. पाहुण्याला फुलं मिळतात, टाळ्या मिळतात आणि परतीचं तिकीट मिळतं. या बाराव्या शहराने मात्र शब्द टाकला होता: आजची मैफल नीट पार पडली तर कायमची नेमणूक. धाकट्याला एकोणसाठावं लागलं होतं. यानंतर कोणी विचारणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या ताईला त्याच्याहून जास्त.

ताई त्याच्या पेट्या सांभाळायची. मावशी फोनवर विचारायची, "तो स्वतः वाजवतो काय गं?"

"काही नाही. हात हलवतो."

"आणि तू?"

"मी खोडरबर."

मावशीला ती थट्टा वाटायची. थट्टा नव्हती. धाकटा जाईल तिथे वादकांसमोर ठेवायच्या स्वरलिपीच्या वह्या स्वतःच्या नेई. चौपन्न वह्या, दोन पत्र्याच्या पेट्यांत. तालमीत वादक त्यांत पेन्सिलीने खुणा करत. मैफल संपली की ताई पुढच्या देशासाठी सगळं पुसून कोरं करी.

'इथे संचालकाकडे बघ' असं स्वतःला बजावायचं असलं की वादक चष्म्याचं चित्र काढतात. एकोणिसाव्या पानावर, संथ चाल एकदम धावायला लागते तिथे, धाकट्याच्या वह्यांत चष्मा असायचाच. आणि त्यावर फुली. बघू नकोस. भाषा अकरा, फुली एकच. तिथे धाकट्याचा हात हटकून घाईला यायचा, सुरांच्या अर्धं पाऊल पुढे. शहाणे वादक तेवढ्यापुरता त्याचा नाद सोडत, पहिल्या व्हायोलिनवालीच्या गजावर डोळा ठेवत आणि सुखरूप पलीकडे जात. टाळ्या धाकटा घ्यायचा. बावीस वर्षं ताईने त्या फुल्या त्याच्या नजरेला पडू दिल्या नव्हत्या. निदान तिची तशी समजूत होती.

सकाळची शेवटची तालीम संपली आणि धाकटा म्हणाला, "ताई, वह्या माझ्या खोलीत आण. बघायच्यात."

"कधी बघत नाहीस ते?"

"आज बघणार आहे."

"आधी जेवून घे. तासाभराने आणते."

सामानाच्या खोलीचं दार लावून ती पेटीवर बसली. एकेक वही, एकोणिसावं पान. काही फुल्या इतक्या दाबून मारलेल्या की कागद फाटायला आलेला. एका वादकाने चष्म्याखाली धाकट्याचं नाकही काढलं होतं, आणि मेल्याला ते जमलंही होतं. ताईला हसू फुटलं. ते नाक पुसताना मात्र डोळे भरले. तीन दिवस तालीम झालीय, जागा ध्यानात असणारच सगळ्यांच्या, अशी तिने मनाची समजूत घातली.

धाकट्याने पलंगावर बसून पहिली वही उघडली ती थेट एकोणिसाव्या पानावर. मग दुसरी. सातवीनंतर तो थांबला.

"इथे कोणीच काही काढलेलं नाही."

"काय काढायचं असतं?"

"ताई, मी आंधळा आहे का? फुली." तो कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला. "सगळीकडे असते. तालमीत मंचावरून उतरताना पुढच्या उघड्या वहीवर दिसते. म्हटलं असू दे, निभतंय ना. इथे खाली बघायची हिंमतच झाली नाही. आज फुली असती तर तिथे हात आवरता घेणार होतो, त्यांचे ते गेले असते पुढे." मग तो हसला. पहिल्यांदा घर सोडताना हसला होता तसा. "ही माणसं माझ्याकडे बघणार आहेत, ताई."

आता सांगितलं तर मैफल वाचेल, हे ताईला लख्ख कळलं. शब्द तोंडाशी आलेही. पण ते हसू समोर होतं. ती म्हणाली, "सदरा दे, इस्त्री करते."

संध्याकाळी एकोणिसावं पान आलं. धाकट्याने दोन्ही हात पसरले. अर्ध्या वादकांना जागा आठवली, त्यांनी पहिल्या व्हायोलिनवालीच्या गजावर डोळा ठेवला. अर्ध्यांना खूण दिसली नाही. ते गोंधळले, त्यांनी वर बघितलं आणि ते त्याच्या हाताबरोबर धावत सुटले. एकाच मंचावर दोन वाद्यवृंद झाले. आधी तुताऱ्या गप्प झाल्या, मग सगळेच. तुडुंब सभागृहात कोणीतरी खोकलं. धाकट्याला पान मागे उलटून पुन्हा सुरुवात करावी लागली.

व्यवस्थापक "कळवतो" म्हणाला आणि निघून गेला.

मागच्या खोलीत पहिली व्हायोलिनवाली वही घेऊन आली. "हे पुसलं कोणी?"

ताईच्या काळ्या कपड्यांवर, मांडीपाशी, रबराचा चुरा अजून चिकटलेला होता. धाकट्याची नजर तिथे गेली.

"मी पुसलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर ताई पेटी उचलायला वाकली, तर त्याने पायाने ती आपल्याकडे ओढली. दोन्ही पेट्या त्याने स्वतःच वाहिल्या, आणि गाडी सुटेपर्यंत तिला त्यांना हात लावू दिला नाही.